खिळ्याची साक्ष

नवशिक्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अगदी साध्या मेटल डिटेक्टरलाही लोखंड वगळण्याची सोय असते. दांड्याच्या टोकाला चपटी गोल कॉइल, वर हाताशी छोटा पडदा आणि दोन-चार बटणे, एवढेच हे यंत्र. कॉइलमधल्या एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्राने जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. तो प्रतिसाद किती मागे पडला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. चांदी-तांब्याला उंच, स्वच्छ स्वर. लोखंडाला खर्जातली घरघर. नाणे वीतभर खोल असेल तर सापडते, त्याखाली स्वस्त यंत्र सहसा पोचत नाही. थंड पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी पडद्यावर अनेकदा एकच आकडा दाखवतात. वस्तू किती जुनी, कुणाची, तिथे कशी आली, यातले काहीही यंत्राला कळत नाही. शेतात खिळ्यांचा, नालांचा, तुटक्या साखळ्यांचा खच असतो. त्या घरघरीला कंटाळून नवा माणूस लवकरच लोखंड बंद करून टाकतो. बटण छोटे आहे, पण जमिनीतले मोलाचे काय आणि कचरा काय याविषयीचे एक अख्खे मत त्यात बसवलेले आहे. ते मत चुकीचे आहे. का चुकीचे, हे तपासू लागले की आपण मालकी, दान, मेलेल्यांचा शब्द आणि ज्ञान यांच्याविषयीच्या फार जुन्या वादांत जाऊन पोचतो.

इंग्लंडमध्ये हा छंद उघडपणे चालतो. जमीनमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित स्मारक नसेल, तर कुणीही डिटेक्टर घेऊन शेतात उतरू शकतो. अमेरिकेत यादवी युद्धातल्या शिशाच्या गोळ्या, गणवेशाची बटणे आणि पट्ट्यांची बक्कले शोधणारे खूप आहेत. दोन्हीकडे सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच, सापडले ते कुणाचे? हा प्रश्न यंत्राहून कितीतरी जुना आहे. रोमन सम्राट हेड्रियनने निम्मे शोधणाऱ्याला आणि निम्मे जमीनमालकाला असा निवाडा केला. कौटिल्याने निधीची वर्दी देणाऱ्याला सहावा हिस्सा ठरवला, तो राजाचा नोकर असेल तर बारावा, आणि निधी लाखावर गेला तर सगळा राजाचा. मनूने विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी त्याच्याकडेच राहू दिला. याज्ञवल्क्याने हिश्शांच्या सोबतीने आणखी एक गोष्ट सांगितली. निधी सापडला हे ज्याने कळवले नाही आणि ज्याचे बिंग पुढे फुटले, त्याच्याकडून निधीही घ्यावा आणि दंडही घ्यावा. या न-कळवण्याच्या अपराधाकडे मात्र मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे. वाटे धातूचे होतात. शोधणाऱ्याच्या फावड्याखाली जे मोडते ते धातू नव्हेच.

जे मोडते त्याला वैशेषिकांनी फार नेमके स्थान दिले आहे. त्यांच्या मते संयोग हा एक गुण आहे. रंग जसा एका वस्तूत असतो तसा संयोग दोन वस्तूंत मिळून असतो. तो त्या वस्तूंइतकाच खरा, फक्त कायमचा नाही. त्या एकमेकींपासून दूर झाल्या की विभाग होतो आणि विभागाने संयोग संपतो. आता वीतभर खोल, राखेच्या थरात, मडक्याच्या खापराला टेकून पडलेले एक नाणे घ्या. फावडे लागते, नाणे वर येते. नाणे शाबूत आहे, खापर शाबूत आहे, मातीही तितकीच आहे. संपला तो त्यांचा संयोग. ते नाणे पुन्हा त्याच खड्ड्यात, त्याच खोलीवर, त्याच खापराला टेकवून ठेवले तरी तो आजच्या तारखेचा नवा संयोग झाला; शेकडो वर्षांपूर्वीचा जो होता तो परत येत नाही. चोरी आणि हे कृत्य यांच्यातला फरक इथे आहे. चोरलेला माल परत देता येतो, त्याची किंमत भरता येते, क्षमा मागता येते. मोडलेला संयोग परत देण्याची सोयच नाही आणि तो कुणाला परत द्यायचा हेही ठरत नाही. तो जमीनमालकाने केलेला नव्हता, शोधणाऱ्याने केलेला नव्हता, राजाने तर नव्हताच. ज्याने पहिल्यांदा पाहिला त्यानेच शेवटचा पाहिला. म्हणून शोधणाऱ्याचे पहिले नाते त्या वस्तूशी मालकाचे नसून साक्षीदाराचे असते. पंचनामा न करता उचललेला मुद्देमाल कोर्टात जसा नुसता एक जिन्नस होऊन उभा राहतो, तशी ठिकाणावाचून उपटलेली वस्तू कपाटात उभी राहते. ती सुंदर असेल, महागही असेल, पण ती काहीही शाबीत करू शकत नाही.

यावर बौद्ध नैयायिकांच्या बाजूने एक भक्कम आक्षेप येतो. संबंध नावाची स्वतंत्र गोष्ट जगात नाही, धर्मकीर्तीने या मताची कसून मांडणी केली. वस्तू असतात, ‘हे याच्याजवळ आहे’ ही जोडणी मन करते. मग जे मनानेच रचले ते मोडले म्हणून हळहळ कसली? वाद मोठा आहे आणि तो इथे सुटणार नाही. पण 25 जून 1876 रोजी अमेरिकेत मोंटानामधल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी जे घडले आणि 1984 मध्ये तिथे जे सापडले, त्याच्याशी हा आक्षेप ताडून पाहावा. लाकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर याची तुकडी संपवली. कस्टरसोबतचा एकही सैनिक वाचला नाही, म्हणून पुढची शंभर वर्षे चित्रांनी आणि कादंबऱ्यांनी शेवटच्या माणसापर्यंत टेकडीवर लढणाऱ्या शूरांची कथा रंगवली. ज्यांनी ती लढाई जिंकली त्यांच्या तोंडी आठवणी उपलब्ध होत्या, पण त्या परस्परविरोधी आणि अविश्वसनीय म्हणून बाजूला पडल्या. 1983 मध्ये वणव्याने तिथले गवत जळाले. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना ओळीने उभे करून मैदान पिंजून काढले. स्वर आला की फक्त झेंडी रोवायची, उचलायचे काही नाही. मग एकेक काडतूस उघडे करून त्याची जागा मोजली गेली, गोळीची दिशा आणि कलही टिपला गेला. काडतुसाच्या बुडावर घोड्याच्या टोकाचा जो ठसा उमटतो तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. एकाच बंदुकीची काडतुसे कुठेकुठे पडली आहेत हे जुळवले, तेव्हा एकेक बंदूक हाती धरून माणूस त्या उतारावर कसा सरकत गेला हे दिसू लागले. योद्ध्यांकडे चाळीसहून अधिक प्रकारच्या बंदुका होत्या, त्यांत भराभर झाडता येणाऱ्या रायफलीही होत्या. फौजेची फळी ठिकठिकाणी मोडत गेल्याच्या खुणा होत्या, आणि ज्या आठवणी बाजूला टाकल्या होत्या त्यांतल्या कितीतरी मैदानाशी जुळल्या. हा संबंध जर केवळ मनाने रचलेला असता, तर तो ज्यांच्या मनात आधीपासून पक्की कथा होती त्यांच्या कथेसारखा निघाला असता. तो तसा निघाला नाही. तो शंभर वर्षे कुणाच्याही मनात नव्हता आणि तरीही गवताखाली होता. एखाद्या शौकिनाने त्यातली पन्नास काडतुसे खिशात घालून नेली असती, तर एकही मौल्यवान वस्तू हरवली नसती. फक्त हरलेल्यांच्या दंतकथेपुढे जिंकणाऱ्यांची साक्ष कायमची तोकडी राहिली असती.

लोखंड बंद करण्याच्या बटणाचा हिशेबही इथेच करावा. स्पेनमध्ये इसवी सनपूर्व 208 मध्ये बेकुलाची लढाई झाली, त्यात स्किपिओच्या रोमन सैन्याने कार्थेजच्या हास्द्रुबलला हरवले. ती जागा शोधणाऱ्यांना रोमन फौज कुठून आली आणि कुठून चढली हे कळले ते सैनिकांच्या चपलांच्या तळव्यांतून गळून पडलेल्या लोखंडी खिळ्यांवरून. बोटाच्या पेराएवढेही नसलेले, गंजलेले, बाजारात शून्य किमतीचे खिळे. एकेकटा खिळा काहीच सांगत नाही. नकाशावर त्यांची रांग लागली की सैन्य चालू लागते. हौशी यंत्राने जे आधी वगळले असते तेच इथे बोलले. इंग्लंडमधल्या बॉसवर्थच्या 1485 च्या रणभूमीचेही असेच. परंपरेने दाखवली जाणारी टेकडी सोडून ती खरी तीनेक किलोमीटरवर निघाली, आणि तिचा पुरावा होता शेतांतून विखुरलेले शिशाचे गोळे. सोबत तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह असलेला चांदीचा छोटा रानडुकरही मिळाला. वर्तमानपत्रांनी फोटो त्याचा छापला हे समजण्यासारखे आहे, पण रणभूमी शाबीत केली ती गोळ्यांच्या पसाऱ्याने.

आतापर्यंत मी ज्या वस्तूंविषयी बोललो त्या पडलेल्या होत्या. पण काही वस्तू मुद्दाम ठेवलेल्या असतात, काही देवाला वाहिलेल्या असतात, आणि तिथे प्रश्न धर्माचा होतो. इंग्लंडच्या सरे परगण्यात वॉनबरो इथे रोमन काळातले, स्थानिक देवतेचे एक देऊळ शेताखाली होते. 1980 च्या दशकात तिथे लोहयुगातली नाणी असल्याची बातमी फुटली आणि रात्री डिटेक्टर घेऊन आलेल्यांनी जमीन चाळणीसारखी करून टाकली. हजारो नाणी गेली. नंतर झालेल्या उत्खननात पुजाऱ्यांची साखळ्यांची शिरोभूषणे मिळाली; नाण्यांची मांडणी कशी होती, ती उंबऱ्याशी वाहिली होती की वेदीशी, एका दिवशी की पिढ्यानपिढ्या, हे कायमचे गेले. कायदाही तिथे पांगळा पडला. जुन्या इंग्रजी कायद्यात पुरलेले सोने-चांदी राजाचे ठरायचे ते पुरणाऱ्याचा परत येऊन काढून नेण्याचा बेत असेल तरच. 1939 मध्ये सटन हू इथे जहाजासकट पुरलेल्या राजाचा ठेवा याच कसोटीवर राजसत्तेचा न ठरता जमीनमालकीण इडिथ प्रिटी यांचा ठरला, कारण मृतासोबत पुरलेले कुणी परत काढणार नसते. प्रिटी यांनी तो ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. देवाला वाहिलेलेही कुणी परत काढणार नसते, म्हणून वॉनबरोच्या नाण्यांवर सरकारचा दावा लंगडा पडला. त्या लुटीनंतरच्या खटपटीतून 1996 चा ट्रेझर ॲक्ट आला आणि मृताच्या मनात काय होते हा प्रश्न कायद्याने सोडून दिला.

कायद्याने सोडला, तरी विचाराला तो सोडता येत नाही. देवाला वाहिलेले कुणाचे? आपल्याकडे मीमांसकांनी याचे उत्तर धक्का बसावा इतके रोखठोक दिले आहे. शबरस्वामींच्या मते देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे लाक्षणिक आहे. ज्याला एखादी गोष्ट हवी तशी वापरता येते तो तिचा मालक, आणि देव शेत वापरताना दिसत नाही. भक्ताने त्याग केला की त्याची मालकी सुटते, पण ती देवाकडे जात नाही. मग वॉनबरोची नाणी बेवारस ठरतात, आणि बेवारस उचलण्यात चोरी कसली? बुद्धानेही भिक्खूंना स्मशानातली टाकलेली वस्त्रे धुऊन, शिवून वापरायची मुभा दिली होती. मेलेल्याचे काही घेणे हे मुळात पाप नाही. मला हा युक्तिवाद मान्य आहे. मालकीच्या वाटेने गेलो तर वॉनबरोच्या चोरांना नैतिक अडचण फारशी येत नाही, आणि म्हणूनच ती वाट अपुरी आहे. त्यांनी कुणाचे काय घेतले यापेक्षा त्यांनी काय संपवले हे पाहिले पाहिजे. त्याग ही एक कृती होती. कुणीतरी एका विशिष्ट जागी, विशिष्ट दिशेला तोंड करून, काही मागत किंवा काही फेडत ते नाणे सोडले. ज्या देवाचे नावही आज कुणाला ठाऊक नाही, ज्या माणसाने एक अक्षर लिहून ठेवले नाही, त्या दोघांमधल्या व्यवहाराची एकमेव खूण म्हणजे ते नाणे तिथे असणे. स्मशानातले वस्त्र उचलणाऱ्या भिक्खूने कुणाची प्रार्थना पुसली नव्हती.

याची उलट बाजू तमिळनाडूतल्या पतूरच्या नटराजाने दाखवली. 1976 मध्ये पडक्या शिवमंदिराच्या आवारात खणताना एका मजुराला पुरलेल्या कांस्यमूर्ती सापडल्या. संकटकाळी मूर्ती जमिनीत लपवण्याची रीत दक्षिणेत होती. पुरणारे परत येणार होते, आले नाहीत. नटराज विकला जाऊन लंडनला पोचला आणि तिथल्या कोर्टात उभा राहिला. मूर्ती त्याच गावची हे ठरवताना तिला चिकटलेल्या मातीची आणि वाळवीच्या खुणांची तज्ज्ञांकडून तपासणी झाली, त्याच जागी मिळालेल्या इतर मूर्तींशी तुलना झाली. 1991 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने पडक्या मंदिराचा हक्क मान्य केला आणि मूर्ती भारतात परतली. विक्रेत्यांनी ती घासून लख्ख केली असती तर? देवाचे देवपण कायद्यापुढे टिकले त्यात चिमूटभर मातीचा हात होता.

आता शौकिनांची बाजू. ते म्हणतात, आम्ही काढले नाही तर नांगर काढेल. नांगराने तुकडे होतात, खतांनी धातू गंजतो. हे खरे आहे. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये जुन्या, स्वस्तात घेतलेल्या डिटेक्टरने अँग्लो-सॅक्सन सोन्या-चांदीचे चार हजारांहून जास्त तुकडे मिळाले. तलवारींच्या मुठींचे एवढे अलंकार एका जागी कुणी आणि का पुरले याचे पक्के उत्तर आजही नाही, कारण नांगराने ते सगळे आधीच उलटेपालटे केले होते. ते तिथे जमिनीत राहिले असते तर आणखी मोडलेच असते. म्हणून नांगराच्या खोलीपर्यंतच खणावे, त्याखाली अस्पर्श थर लागला की थांबावे, हा इंग्लंडमधल्या जबाबदार डिटेक्टर-वापराचा नियम मला पटतो. नांगरटीत खालवरचा संयोग गेलेला असतो, आडवा काही प्रमाणात उरतो. मोबाइलच्या जीपीएसवर जागा टिपून तोही वाचवता येतो. पण याच युक्तिवादाने कुरण, जंगल किंवा गडाचा उतार खणता येत नाही. तिथे नांगर नाहीच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पुरातत्त्वज्ञ काय वेगळे करतात? त्यांचे प्रत्येक उत्खनन म्हणजेही विभाग, तोही पद्धतशीर, मोठ्या प्रमाणावर. होय, आणि जो पुरातत्त्वज्ञ खणतो पण अहवाल छापत नाही त्याने रात्रीच्या चोरापेक्षा कमी संपवलेले नसते. आपल्या देशात असे वर्षानुवर्षे रखडलेले अहवाल आहेत आणि त्याची लाज वाटली पाहिजे. फरक पदवीने पडत नाही, साक्षीने पडतो. सफकमधल्या हॉक्सनी गावात 1992 साली एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. चांदीचे चमचे आणि नाणी वर येऊ लागली तेव्हा त्यांनी खणणे थांबवून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी येऊन बाकीचे जागेवरच उकलले, म्हणून आत ओकच्या पेटीचे अवशेष, लहान डबे, चांदीची चिमुकली कुलपे, कापडाच्या खुणा मिळाल्या. पंधरा हजारांच्या आसपास नाणी तर होतीच. पण कुणीतरी रोमन सत्ता कोसळत असताना घरातले मोल किती निगुतीने, काय कशाखाली असे रचून ठेवले हे कळले ते थांबलेल्या हातामुळे. लॉज यांच्याकडे पदवी नव्हती. जर्मनीत कालक्रीझ इथे 1987 मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने डिटेक्टरने रोमन नाणी आणि नंतर गोफणीचे शिशाचे गोळे शोधले आणि प्रत्येक वस्तू जागेसकट पुरातत्त्वज्ञ श्ल्यूटर यांच्यापुढे ठेवली. इसवी सन 9 मधला रोमन सेनापती वारुसच्या तीन लीजनांचा नाश कुठे झाला याचा शोध शतकानुशतके चालला होता. त्याला ठिकाण मिळाले ते हौशी माणसामुळे. म्हणून हा छंदच बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. भूतकाळ विद्यापीठांच्या मालकीचा नाही.

श्रमाचा हक्क हा शेवटचा आक्षेप. थंडीपावसात मी शेत तुडवले, मोबदला का नको? मोबदला जरूर घ्यावा. इंग्लंड तो देते आणि तो बाजारभावाने देते. पण श्रमाने मिळतो तो वस्तूतला वाटा, संयोग पुसण्याचा परवाना नव्हे. 2015 या एकाच वर्षात तिथे दोन ठेवे निघाले, दोन्ही नवव्या शतकातल्या वायकिंग धुमश्चक्रीतले. ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनचा ठेवा शोधणाऱ्याने कळवला आणि मातीच्या ढेकळासकट उचलला गेला. हेरफर्डशायरमधला लपवून विकायला काढला गेला. त्यातली सुमारे तीनशे मानली जाणारी नाणी बहुतांश पांगली आणि 2019 मध्ये शोधणाऱ्यांना तुरुंगवास झाला. दोन्हींत वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ यांची एका बनावटीची नाणी होती. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासाने केओलवुल्फला वायकिंगांच्या ताटाखालचे मांजर ठरवले होते. नाण्यांवर दोघे बरोबरीने बसलेले, मित्रराजे होते. एका राजाला हजार वर्षांनी न्याय मिळण्याची वेळ आली तेव्हा एक साक्षीदार उभा राहिला आणि दुसऱ्याची जीभ कापली गेली. याज्ञवल्क्याने दंड सांगितला तो नेमका याच अपराधाला.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याला, ‘छावा’ चित्रपटानंतर उठलेल्या मुघल सोन्याच्या अफवेवर लोक रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेते खणत होते. महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नादाने गडांवर खड्डे पडतात, आणि त्या नादाने माणसांचे बळी गेले म्हणून 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली. जुन्या बाजारात शिवराई ढिगाने मिळते. ती कुठल्या ओढ्यातून, कुठल्या पांढरीतून आली हे विकणाऱ्याला ठाऊक नसते किंवा सांगायचे नसते. शिवराया अनेक टांकसाळींत दीर्घकाळ पडत राहिल्या. त्या कुठे सापडल्या याच्या नोंदी असत्या तर कोणती घडण कोणत्या मुलखातली हे आज जुळवता आले असते. आमच्याकडे स्वराज्याविषयी अभिमान पुष्कळ आहे आणि स्वराज्याचा पैसा कुठे फिरला याची साक्ष मात्र तांब्याच्या भावात वितळते.

सामान्य माणूस कळवत नाही याचे कारण लोभच असते असे मी मानत नाही. 1878 चा भारतीय निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांवरच्या पुरलेल्या ठेव्याची लेखी खबर त्याने कलेक्टरला द्यायला सांगितली आहे, आणि त्या खबरीत वस्तू काय, मोल किती याच्या जोडीला ती कुठे आणि कधी सापडली हेही मागितले आहे. हक्कदार न निघाला तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला असा उदार वाटाही त्यात आहे. पण विहीर खणताना हंडा लागलेल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते. त्याला पोलीस, चौकशी आणि रानात पडणारी लोकांची झुंबड दिसते, म्हणून तो गप्प बसतो किंवा सोनाराकडे जातो. इंग्लंडने 1997 पासून प्रत्येक भागात असा अधिकारी नेमायला सुरुवात केली की ज्याच्याकडे कुणीही बटण, बक्कल, खिळा घेऊन जाऊ शकतो. तो जागा लिहून घेतो, वस्तू बहुधा परत देतो. तिथे आजवर 15 लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना बाजारात म्हणावे असे मोल नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी असा एक माणूस, एक टेबल आणि एक वही ठेवायला नवा कायदा लागत नाही. शेतकऱ्याने हंडा घेऊन यावे, त्याच्याशी सन्मानाने बोलावे, वाटा त्याला वेळेवर मिळावा, आणि त्याला पहिला प्रश्न ‘किती आहे’ असा न विचारता ‘कुठे होता, कशाशेजारी होता’ असा विचारावा.